आक्काचं नाव दुसरं कसं?

कपडे बदलायच्या खोलीत आरशाशेजारी खिळ्याला एक कागद टांगला होता. त्यावर एकच नाव लिहिलेलं होतं, आणि ते आक्काचं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, यात एवढं काय? कागद आहे, कुणाचं तरी नाव असणारच. पण ते घर तुम्हाला ठाऊक नाही. चाळीस थकलेली माणसं राहायची त्या घरात. कुणाचे गुडघे गेलेले, कुणाची नजर, कुणाची आठवण. त्यांना उठवायचं, धुवायचं, भरवायचं, कूस बदलून द्यायची, चिडली तर ऐकून घ्यायचं. हे करणारी, रांधणारी, फाटक राखणारी मिळून सतरा माणसं होती आणि त्यांच्यात आक्का थोरली. तेरा वर्षांची नोकरी. पाळ्यांचा तक्ता लागो, सुट्ट्यांची यादी लागो, नव्या चपला वाटायच्या असोत, पहिलं नाव आक्काचं. तसा नियम कुणी केलेला नव्हता. पण न केलेला नियमच जास्त पाळला जातो, हे सासरी नांदलेल्या बाईला सांगायला नको. कागद आला की पहिली ओळ मोकळी सोडायची आणि दुसरीपासून लिहायचं, हे नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात कळायचं.

आणि या कागदावर पहिल्या ओळीत नवीचं नाव!

नवी म्हणजे अकरा महिन्यांपूर्वी लागलेली पोरगी. सत्तावीसची असेल. हसरी, हलक्या पावलाची. अकरा महिन्यांत नवी चप्पलसुद्धा जुनी होते, पण आक्काच्या तोंडी ती नवीच राहिली होती, आणि आक्काच्या तोंडी जे नाव तेच साऱ्या घराच्या तोंडी.

"हे काय लटकवलंय?" आक्काने विचारलं.

सिस्टर हातमोजे मोजत होत्या. त्या घरात औषधपाण्याचं सगळं त्यांच्याकडे. "लशीचा कागद आहे आक्का. थंडीत फ्लूची साथ येते ना, त्याची. परवा आणि तेरवा टोचणार आहोत. काल तुमची सुट्टी होती, म्हणून बाकीच्या थांबल्यात. लिहा नाव."

"कुठं लिहू?"

"कुठं म्हणजे? खाली."

"खाली," आक्का म्हणाली. नुसता एक शब्द, पण असा म्हणाली की सिस्टरांचा हातमोज्यांचा आकडा चुकला.

आक्काने पेन उचललं, परत ठेवलं, पदर खोचला आणि कामाला गेली. तेरा वर्षं पहिल्या ओळीत राहिलेलं नाव एका कालच्या पोरीच्या पायाशी बसवायचं? त्यापेक्षा कोरं राहिलेलं बरं!

खरं सांगायचं तर दुखणं कागदाचं नव्हतं. दुखणं होतं मास्तरीणबाईंच्या खोलीतलं.

मास्तरीणबाई सत्त्याऐंशी वर्षांच्या. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेलं, त्यामुळे खोलीत शिरणाऱ्या प्रत्येकाची नखं आणि केस आधी बघायच्या. कानांनी जवळजवळ काही ऐकू यायचं नाही. समोरच्याच्या ओठांवरून ओळखायच्या. हात थरथरायचे, म्हणून भरवावं लागायचं. आणि गेली सात वर्षं त्या जेवायच्या फक्त आक्काच्या हातून. आक्का पलंगाच्या कडेला बसायची, चमच्यात सूप घ्यायची, ओठांजवळ नेऊन फुंकर मारायची, खालच्या ओठाला टेकवून पाहायची आणि मग भरवायची. लेकराला भरवतात तसं. दुसऱ्या कुणी चमचा पुढे केला तर बाई तोंड मिटून घ्यायच्या. या एका मिटलेल्या तोंडावर आक्काने सात वर्षं मिरवलं होतं. घरी नवऱ्यापुढे, गल्लीत शेजारणींपुढे. "मी नसले तर बाई उपाशी राहतात," असं म्हणताना तिचा आवाज काळजीचा असायचा, पण मान ताठ व्हायची.

नवी आली आणि कुठून तरी एक पाटी घेऊन आली. साधी काळी पाटी, खडू आणि फडकं. ती पाटीवर लिहायची, बाई वाचायच्या, बाई थरथरत्या हाताने खाली काहीतरी लिहायच्या, आणि मग दोघी हसत सुटायच्या. मास्तरीणबाई हसायच्या! दात नसलेलं तोंड उघडून, खांदे हलवत! आक्का दारात सूपाची वाटी घेऊन उभी. तिचं शिक्षण दुसरीपर्यंत. अक्षराला अक्षर जोडून तिनं पाटी वाचेपर्यंत त्यांचं हसून झालेलं असायचं आणि फडकं फिरलेलं असायचं.

"काय लिहिलं होतं गं?"

"काही नाही आक्का, असंच."

असंच! त्या असंचनं आक्काचं काळीज करपून निघायचं. आणि एक दिवस तिनं डोळ्यांनी पाहिलं: नवीनं वाटी थंड पाण्याच्या ताटलीत ठेवून निववली, चमचा पुढे केला, आणि बाईंनी तोंड उघडलं.

त्या दिवसापासून नवीचं चालणं, बोलणं, वेणी घालणं, सगळं आक्काच्या डोळ्यांत खुपायला लागलं. आणि आता लशीच्या कागदावरही हीच पहिली.

पण 'नवीचं नाव वर आहे म्हणून मी लस घेत नाही' असं कोण म्हणेल? म्हणून आक्काने कारणं शोधली. कारणांचं काय, तणासारखी उगवतात, पाणीही घालावं लागत नाही.

स्वयंपाकघरात चहा पिताना ती म्हणाली, "टोचलं की दंड दुखतो. मग माणसं उचलायची कशी?"

आचारी कांदा चिरत होता. गडी पहाडासारखा, पण सुई पाहिली की घाम फुटायचा. "खरंय का हो आक्का?"

"आणि टोचल्यावर तापच येतो म्हणतात. आपण चांगले धडधाकट, विकतचं दुखणं कशाला? तेरा वर्षांत मला शिंक आली नाही."

"आक्का घेत नाही म्हणजे त्यात काहीतरी असणारच," आचाऱ्याने जाहीर करून टाकलं. त्याला निमित्तच हवं होतं. संध्याकाळपर्यंत ते वाक्य धुण्याच्या खोलीत पोचलं, तिथून जिन्यावर, तिथून फाटकावरच्या रखवालदारापर्यंत. सतरापैकी नऊ जणांनी नाव दिलं नाही. बघा, जळफळाट एका बाईचा, आणि नऊ दंड कोरे!

लस टोचायच्या दिवशी सिस्टर स्वतः आक्काला शोधत आल्या.

"आक्का, दंड दुखतो हे खरं आहे. दिवसभर, दोन दिवस. कुणाला थोडी कणकणही येते. पण लशीतून फ्लू होत नाही. त्यातला जंतू मेलेला असतो."

"असेल."

"तुमच्या एकटीसाठी नाही सांगत. मास्तरीणबाईंना आम्ही लस दिलीय. पण म्हातारं अंग आहे ते. लस म्हणजे अंगाला दिलेली शिकवणी. तुम्ही-आम्ही पटकन शिकतो. सत्त्याऐंशी वर्षांच्या अंगाला शिकवलेलं अर्धंच डोक्यात राहतं. म्हणून त्यांच्याभोवती फिरणारे आपले हात, आपले श्वास, तेच त्यांचं कुंपण. त्या बाहेर कुठं जातात? आजार त्यांच्यापर्यंत चालत येणार तो आपल्याच पायांनी."

बोलणं पटण्यासारखं होतं. आक्काच्या जिभेवर 'बरं' आलंही होतं. तेवढ्यात समोरून नवी आली, दंडावर कापूस दाबून. आणि मागच्या दोघी तिला म्हणत होत्या, "शाब्बास गं! पहिली तू!"

'बरं' गिळलं गेलं.

"मला काम आहे," आक्का म्हणाली.

घरी तिनं नवऱ्याला हे सगळं सांगितलं, कागदाची गोष्ट सोडून. तिचा नवरा आयुष्यभर बस चालवून आता घरी बसलेला माणूस. बोलायचा कमी, आरशात बघून मागचं सगळं ओळखायची सवय.

"तुला लस नकोय," त्यानं विचारलं, "की कुणाच्या मागची जागा नकोय?"

"गप्प बसा आणि जेवा!"

तो गप्प बसला आणि जेवला. पण उत्तर त्याला मिळालं होतं.

महिना गेला. थंडी वाढली. गावात जो तो खोकत होता. मास्तरीणबाईंचा वाढदिवस जवळ आला. त्यांची लेक लांबून येणार होती, फोटो काढणार होती. दरवर्षीच्या फोटोत बाई खुर्चीत आणि शेजारी आक्का. असे सहा फोटो बाईंच्या भिंतीवर ओळीनं लावलेले होते.

वाढदिवसाच्या सकाळी आक्का उठली ती घसा खरखरत, हाडं ठणकत. कपाळाला हात लावून पाहिला तर तवा.

"आज जाऊ नको," नवरा म्हणाला.

"आज नाही गेले तर फोटोत ती बसेल!"

असं बोलून गेली आणि स्वतःच्या तोंडून काय निघालं ते ऐकून क्षणभर थांबली. पण क्षणभरच. तापाची गोळी घेतली. गोळीनं अंग उतरायला वेळ लागतो, आणि फाटकावर रखवालदार कपाळासमोर ताप मोजायचं यंत्र धरायचा. म्हणून आक्काने फाटकाअलीकडच्या नळावर थांबून गार पाणी कपाळावर मारलं. एकदा, दोनदा, पाचदा. पदरानं टिपलं.

"ठीक आहे, जा आक्का," रखवालदार म्हणाला. तोही त्या नऊ जणांतलाच.

सगळ्यांच्या तोंडावर मास्क होते, साथ होती म्हणून. आक्काच्याही होता. पण मास्तरीणबाई ओठ बघून ओळखणार. मास्क लावून बोललं तर त्यांना काय कळणार? नवीचं बरं, ती पाटीवर लिहायची. आक्काने मास्क हनुवटीखाली ओढला, बाईंच्या तोंडाजवळ तोंड नेऊन म्हणाली, "बाई, वाढदिवस आहे आज!" बाई हसल्या. मग सूप आलं. लेक कौतुकानं बघत होती. आज तर आक्काला दाखवायचंच होतं, सात वर्षांचा हात कुणाचा आहे ते. चमचा घेतला, फुंकर मारली, ओठाला टेकवून पाहिला, भरवला. परत फुंकर, परत ओठाला, परत घास. पूर्ण वाटी संपली. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. फोटो निघाला. सातवा.

नवी कोपऱ्यात पाटी धरून उभी होती. ती एकदा पुढे आली, "आक्का..." म्हणाली आणि थांबली.

"काय आहे?"

"काही नाही."

"मग मध्ये मध्ये करू नको."

संध्याकाळी घरी पोचेपर्यंत आक्काचे पाय लटपटत होते. नंतरचे सहा दिवस ती अंथरुणात होती. नवऱ्याने पाणी पाजलं, कपाळावर पट्ट्या ठेवल्या, आणि एक शब्द बोलला नाही. न बोलणाऱ्या नवऱ्याचं बोलणं फार टोचतं.

सातव्या दिवशी ती कामावर गेली. सरळ मास्तरीणबाईंच्या खोलीत. पलंगावर गादी गुंडाळून ठेवलेली होती. खिडकी उघडी.

"कुठं गेल्या बाई?" आक्का ओरडली. "सिस्टर! बाई कुठं गेल्या?"

"दवाखान्यात नेलंय," सिस्टर म्हणाल्या. "फ्लू झाला. छातीत उतरला. नळीनं श्वास चाललाय. शेजारच्या खोलीतल्या आजींनाही ताप आहे, पण त्या बऱ्या आहेत."

  आक्का वळली ती नवीकडे. नवी चादरी घेऊन दारात उभी होती.

"हिनं आणला! हिनं लस टोचून घेतली, आजार अंगात घेऊन फिरली आणि माझ्या बाईंना लावला! मी आधीच सांगत होते!"

जिन्यावरचे, स्वयंपाकघरातले सगळे गोळा झाले. नवीनं चादरी छातीशी धरल्या.

सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "आक्का, हिला लस देऊन महिना होऊन गेला. मेलेल्या जंतूनं आजार पसरत नाही, हे मी तेव्हाच सांगितलं होतं. आता मला एक सांगा. बाईंना ताप आला वाढदिवसानंतर तिसऱ्या दिवशी. तुम्ही आजारी कधी पडलात?"

"वाढदिवसाच्या..." आक्का म्हणाली आणि थांबली. "संध्याकाळी," म्हणाली.

"संध्याकाळीच?"

 आचारी हातातला झारा घेऊन तसाच उभा. आक्काची नजर नवीवर गेली आणि तिला दिसलं की पोरगी खाली बघतेय. चूक केलेल्या माणसासारखी.

"तू बघितलंस?" आक्का हळू आवाजात म्हणाली. "नळावर?"

नवीनं मान हलवली. "मी मागूनच येत होते आक्का. मला कळलं. मी सिस्टरना सांगायला हवं होतं. खोलीतही सांगणार होते. पण तुम्ही म्हणाला असतात, ही माझी जागा घ्यायला टपलीय. सगळ्यांसमोर म्हणाला असतात. म्हणून मी गप्प बसले. चूक माझीही आहे."

अरे देवा! केवढा हा हेवा! आक्काच्या हेव्यानं आक्काचा दंड कोरा ठेवला, नऊ जणांचे दंड कोरे ठेवले, आणि ज्या एका तोंडून खरं निघालं असतं, ते तोंडही याच हेव्यानं शिवलं! दुसऱ्याला अपशकुन करायला आपलं नाक कापतात, हे तिनं शंभरदा ऐकलं होतं. पण तिनं कापलं होतं ते आपलं नाक नव्हतं. तो श्वास होता बाईंचा.

"तू का गं पहिलं नाव लिहिलंस?" तिनं विचारलं. आवाजात धार नव्हती. "पहिली ओळ माझी असते, तुला ठाऊक होतं ना?"

"ठाऊक होतं." नवीला रडू आणि हसू एकदमच आलं. "पण मला सुईची फार भीती वाटते आक्का. शाळेत असताना टोचायला आले की मी कुंपणावरून उडी मारून पळायचे. वाटलं, शेवटी राहिले तर पळून जाईन. पहिलं नाव लिहिलं की पळता येणार नाही. तुमची ओळ घ्यायची म्हणून नाही हो!"

आचारी हळूच म्हणाला, "मलाही भीती वाटते. मी आक्काच्या नावावर खपवली."



पुढचे तेरा दिवस आक्काने कसे काढले ते तिलाच माहीत. काम करायची, पण तोंडाला कुलूप. चौदाव्या दिवशी मास्तरीणबाईंना परत आणलं. निम्म्या झाल्या होत्या. आधी खुर्चीत बसायच्या, आता उशीला टेकूनही धाप लागत होती. हातात खडू धरवत नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, जीव वाचला, पण गेलेली ताकद या वयात सगळी परत येत नाही.

आक्का खोलीत गेली. नाकातोंडावर मास्क घट्ट. या खेपेला तो हनुवटीखाली येणार नव्हता. पण मग बाईंशी बोलायचं कसं? तिनं दारातून हाक मारली, "नवे, ती पाटी घेऊन ये."

नवी आली.

"लिही. ताप मी आणला."

नवीनं आक्काकडे पाहिलं, मग पाटीवर काहीतरी लिहिलं. आक्काने अक्षराला अक्षर जोडलं. पाटीवर होतं: आक्कांना त्या दिवशी बरं नव्हतं.

"असं नाही," आक्का म्हणाली. "तुझ्या गोड हाताने माझं पाप गोड करू नको. मी सांगते तेच लिही. अंगात ताप असताना आले. गोळी खाऊन, पाणी मारून, लपवून आले. फोटोत तू बसशील म्हणून आले. लस घेतली नाही, तीही तुझं नाव वर होतं म्हणून. सगळं लिही."

पाटी दोनदा भरली, दोनदा पुसली. मास्तरीणबाईंनी सगळं वाचलं. मग डोळे मिटले. आक्काला वाटलं, झालं, सात वर्षं संपली आता.

बाई बोलायला लागल्या. आवाज पार खोल गेला होता. "माझ्या वर्गात दोन मुलं होती. पहिल्या नंबरसाठी भांडायची. एकानं परीक्षेच्या दिवशी दुसऱ्याची वही विहिरीत टाकली. आणि स्वतःची पण पडली तिच्यासोबत." थांबल्या. श्वास घेतला. "मी त्याला मारलं नाही. विचारलं, तुला पहिला यायचंय, की तो मागे राहायला हवाय? दोन्ही एक नाहीत रे बाळा."

आक्काच्या मास्कवरून पाणी ओघळलं.

"तुझा हेवा मला दिसत होता, आक्का. बहिरी आहे, आंधळी नाही. मला मजा वाटायची. या वयात दोघी माझ्यासाठी भांडतात, कुणाला आवडणार नाही? मीच थांबवायला हवं होतं. तेवढी चूक माझी." पुन्हा श्वास. "पण ऐक. तुझी माया खरी होती, फुंकर खरी होती, आणि त्याच फुंकरीनं मला दवाखाना दाखवला. माया खरी असली म्हणून श्वास स्वच्छ होत नाही गं. आमच्यासारख्यांना हात लावायचा, तर नुसतं प्रेम पुरत नाही. हात धुवावे लागतात. दुखत असलं तर घरी बसावं लागतं. आणि ती सुई टोचून घ्यावी लागते. हे काही माझ्यावर उपकार नाहीत. भरवण्याचंच ते काम आहे, भरवण्याआधीचं."

आक्काने त्यांच्या पायांना हात लावायला वाकून परत हात मागे घेतला. आधी जाऊन धुतले, मग लावला. बाई एवढ्या आजारातही हसल्या.

तिथून आक्का थेट सिस्टरांकडे गेली. "टोचा."

"कागद केव्हाच फाडला आक्का. यादी वगैरे काही नाही आता."

"यादी घाला चुलीत. लस शिल्लक आहे ना? की मला होऊन गेला म्हणून आता नको?"

"एकदा झाला म्हणून सुटका नाही. त्याचे चार भाऊबंद अजून फिरतायत. बरं झाल्यावरही घ्यायची. आणि दरवर्षी घ्यायची."

आक्काने बाही वर केली. आचारी दारातून बघत होता. "दुखलं का हो?"

"दुखलं. मुंगी चावली तर दुखतं तेवढं. ये इकडं, उगाच झारा परजत उभा राहू नको! माझं ऐकून नाही म्हणालास ना? आता माझंच ऐकून हो म्हण." आणि ती एकेकाला नावानं हाक मारत सुटली. जिन्यावरच्या दोघी, धुण्याकडची, फाटकावरचा. "मी खोटं सांगत होते! माझी कारणं खोटी होती! खरं कारण माझी पोटदुखी होती!" तेरा वर्षांच्या ताठ मानेच्या बाईला सगळ्यांसमोर असं ओरडायला काय लागलं असेल! पुढच्या दोन दिवसांत उरलेल्यांनी दंड पुढे केले. आचाऱ्याने डोळे मिटून नवीचा हात धरून ठेवला. दोघं भित्री एकमेकांना धीर देत होती.

मग आक्काने आणखी एक विचारलं, "ही अंगात मुरायला किती दिवस?"

"दोन आठवडे धरा."

"मग दोन आठवडे मला धुण्याकडे टाका. बाईंना नवी भरवेल."

सिस्टर म्हणाल्या, "तसा नियम नाही आक्का. तुम्ही बऱ्या झालात, मास्क आहे, चालेल."

"नियम नसतो तोच मी पाळते," आक्का म्हणाली.

धुण्याच्या खोलीची खिडकी बाईंच्या खोलीसमोरच होती. दुपारी त्या खिडकीतून दिसायचं: नवी वाटी निववतेय, चमचा पुढे करतेय, बाई तोंड उघडतायत. चार घास, मग पाच. दहाव्या दिवशी बाई उशी सोडून बसल्या. नवीनं काहीतरी लिहिलं आणि बाईंचे खांदे हलले. हसल्या! काय लिहिलं असेल? आक्का इकडे चादरी पिळत होती. त्या दोन आठवड्यांत त्या घरातल्या चादरी जशा पिळल्या गेल्या तशा कधी पिळल्या गेल्या नसतील. वाळत घालायला आलेली बाई म्हणाली, "आक्का, चादर आहे ती, कुणाची मान नाही. जळतंय का अजून?"

"जळतंय!" आक्का म्हणाली. "जळणारच. माणूस आहे मी, दगड नाही. पण बाई जेवतायत ना? मग जळू दे."

तर मंडळी, हेवा कुणाला सुटलाय? पोटच्या लेकीचा सुद्धा येतो. तो आला म्हणून कुणी वाईट होत नाही. त्याच्या हाती काम दिलं, की माणसं मरतात. तुम्ही कुणाला औषध देत असाल, कुणाला उचलत असाल, परक्याच्या म्हाताऱ्या आईला अंघोळ घालत असाल, तर तुमचं अंग तुमच्या एकट्याचं नाही. लस घ्यायच्या रांगेत पुढे कोण आणि मागे कोण ते बघू नका. रांगेच्या शेवटी कोण झोपलंय ते बघा. ज्याला स्वतःचं रक्षण करता येत नाही, त्याचं कुंपण आपण आहोत. आणि कुंपणाच्या काट्यांनी आपापसांत भांडायचं नसतं!